घरचा पंप

—नाही हो, तसं काही नाही, पाणी मी बदलते की, दर रविवारी बदलते, तुम्ही बसा आधी. ते कॅन तिथंच राहू द्या उंबऱ्यापाशी, आत नका आणू, फरशी आत्ताच पुसलीय. धाप लागली ना? लागणारच. चार मजले आहेत, फांग भावोजी, लिफ्ट नाही, आणि एकेक कॅन वीस लिटरचा — खारं पाणी गोड्यापेक्षा अंमळ जडच भरतं, हे तुम्हीच सांगितलं होतंत मला एकदा, याच खुर्चीत बसून, टरबुजाच्या बिया फोडता फोडता. पाणी देऊ प्यायला? घ्या. आणि यांच्याकडे बघून असे हसू नका केविलवाणे. त्यांना नाही कळायचं तुम्ही काय बोलताय ते. डॉक्टर म्हणाले, आवाज पोचतो, शब्द पोचत नाहीत. उजवा हात गेला, उजवा पाय गेला, बोलणं गेलं. आठ महिने झाले. आठ महिन्यांत मासे पाळणाऱ्यांच्या त्या मंडळातलं कुणी फिरकलं नाही, तुम्हीच पहिले — म्हणजे तुम्हीही माशांसाठीच आलात म्हणा. पण आलात.

काय झालं? टाकीकडे बघून असा चेहरा का पडला तुमचा? हो, बारा होते. एक आहे. तो काय, दगडाच्या मागं, पिवळा. पोवळी पांढरी पडलीत, ती मेलीतच, त्यांना हात लावून उपयोग नाही. आता मी काय करणार सांगा — मी बाईमाणूस, सकाळी चारला उठून माशांच्या गोळ्या तळतात त्या दुकानात खिमा कालवायला जाते, दहाला घरी येते, यांचं सगळं अंथरुणातलं बघते, आणि वर चारशे लिटरची टाकी. मिठाची ती परदेशी बादली किती महाग झालीय माहितीय ना? तुम्हाला माहीत असणारच. म्हटलं, स्वस्तात कसं करायचं ते यांनीच लिहून ठेवलंय, तेच वाचून करू. थांबा, दाखवते. ही बघा. तुमच्याच मंडळाची पुस्तिका — ‘घरच्या टाकीचं खारं पाणी कमी खर्चात कसं बदलावं’, लेखक ल्येन तिंग-क्वेइ, आणि मागं फोटो, टाकीसमोर हे आणि हे शेजारी तुम्ही. केवढी माणसं दाढी करून आली होती त्या दिवशी. मी फोटोत नाही. मी तेव्हा खाली होते, स्कूटरपाशी.

तर मी पुस्तिकेतलं एकेक करत गेले. आधी मीठ. यात लिहिलंय, महागडं मीठ घेण्याची गरज नाही, साधं मीठही — हो, हो, पुढं लिहिलंय की कुठलं साधं, ते वाचलं मी. पण माझ्याकडे आपलं स्वयंपाकातलं होतं, आयोडीनवालं, म्हटलं मीठ ते मीठ. नळाचं पाणी घेतलं, मीठ ढवळलं, ओतलं. नळाच्या पाण्याला वास येतो ना तो औषधाचा, तो होताच. दोन निळे त्याच दिवशी गेले, संध्याकाळच्या आत. मग दुसरं — बंदरावरच्या खानावळी रोज जिवंत माशांच्या टाक्यांतलं पाणी फेकतात, ते फुकट मिळतं, असं यांनी लिहिलंय पान नऊवर. मी खेकडेवाल्याकडून आणलं. त्यात मेलेले खेकडे होते आदल्या दिवसाचे, पण फुकट होतं ना. ती नारिंगी पट्ट्यापट्ट्यांची जोडी त्यात गेली, आधी मादी, मग दोन दिवसांनी नर. नर दोन दिवस तिच्या जागेवर उभा होता नुसता. मग समुद्राचं. बादोउझला जाऊन होड्या चढवतात त्या उतारावरनं भरलं, पाऊस पडून गेल्यावर. कीलुंगला काय, पाऊस नसतो कधी? वरचं पाणी अगदी पाणचट झालेलं असतं तेव्हा, आणि डिझेलचा तवंग. ते ओतलं. एका आठवड्यात चार, आणि उरलेले तीन मागाहून, एकेक करून.

बोला ना. बोला, काय म्हणत होतात — यंत्राचं पाणी घ्यायला हवं होतं, दहा युआनचं नाणं टाकलं की खोल समुद्रातलं स्वच्छ येतं, पाऊस पडला असेल तर दोन दिवस थांबायचं, आणलं की काळोखात ठेवायचं, टाकीएवढं ऊन करायचं, काटा तरंगवून खारटपणा बघायचा, आणि एका वेळी पाचवा हिस्साच बदलायचा, जास्त नाही. हे मला माहीत नाही? मला सांगताय तुम्ही? भावोजी, बावीस वर्षं मी हे पाणी वाहिलंय. मी बोट बुडवून जिभेला लावलं ना, तर काट्याच्या आधी सांगते खारटपणा. हे काटा घेऊन बसायचे आणि मी आधीच बोलून जायचे, आणि मग हे माझ्याकडे न बघता काटा पुन्हा तरंगवायचे, कारण मी बरोबर कशी असणार. माहीत नसतं तर सगळे एकदम मेले असते, फांग भावोजी. अकरा मासे आठ महिने पुरवायचे म्हणजे माहिती लागते.

ओरडू नका. खालच्या मजल्यावरची श्येह बाई वर येईल लगेच, तिला कारणच लागतं. बसा. बसा म्हणते ना. चाळीस किलो उचलून आलात, लगेच उठलात तर चक्कर येईल. हो, मीच मारले. तुम्हाला वाटलं मी अडाणी आहे म्हणून मेले? तुम्ही सगळे असेच. तुम्ही या घरात दर रविवारी यायचात, तुम्ही आणि तो टपालातला लठ्ठ आणि ते शाळेतले मास्तर, आणि यांच्याभोवती कोंडाळं करून बसायचात, आणि हे सांगायचे — पाणी बदलण्याची सगळ्यात स्वस्त रीत कोणती? आणि स्वतःच उत्तर द्यायचे, माझ्याकडे अंगठा दाखवून, घरचा पंप. वीज लागत नाही, दुरुस्ती लागत नाही, चार मजले चढतो. आणि तुम्ही हसायचात. सगळ्यात आधी तुम्ही. मला तुमचं हसणं जिन्यात ऐकू यायचं, दुसऱ्या मजल्यापासून, एक कॅन या हातात एक त्या. आणि मग वर आले की तुम्ही म्हणायचात, वहिनी, दमलात, बसा — आणि पाय नाही हलवायचात वाटेतनं. तुम्ही तुमच्या घरीही सुरू केलंत ना ते नंतर? घरचा पंप? कुठंय ती आता, तुमची बायको? मुलीकडे ताओयुआनला. नातवंडांसाठी गेलीय. असं का. किती वर्षं झाली नातवंडांसाठी जाऊन?

राहू द्या. तुमचं तुमच्यापाशी. मला त्यात पडायचं नाही.

रविवार कसा असायचा सांगू का तुम्हाला, तुम्ही तर दहानंतरचाच बघितलाय. सहाला उठायचं, स्कूटरवर एक कॅन पायांत, एक मागं बांधलेला, बादोउझला जायचं, यंत्रापाशी रांग, भरायचं, यायचं, चढायचं, पुन्हा जायचं. चार कॅन म्हणजे दोन खेपा. एखाद्या रविवारी यांनी काटा बघितला आणि म्हणाले पातळ आहे, की ओतून द्या, पुन्हा जा. यांची पाठ दुखायची. पाठ दुखायची आणि धक्क्याच्या भिंतीला टेकून गळ टाकून दिवसभर उभं राहता यायचं, तेवढीच पाठ. आणि या सगळ्यात मी कशी दिसते, काय घातलंय, केस कापलेत का, ताप आहे का — काही नाही. बोलायचे ते काचेकडे बघून. जेवताना काचेकडे, भांडताना काचेकडे. माझी आई वारली, मी यांना सांगायला आले, हे म्हणाले हो का, आणि म्हणाले त्या बारक्या कोळंबीनं कात टाकलीय बघ.

पंचांगातल्या सातव्या महिन्यात, भुतांच्या महिन्यात, सगळी दुनिया समुद्राकडे पाठ करते ना? बुडालेल्यांचे आत्मे मोकळे असतात, दिवे सोडतात पाण्यावर, पोरांना पोहायला जाऊ देत नाहीत, कपडे वाळत ठेवत नाहीत रात्रीचे. आपल्या कीलुंगमध्ये कोण समुद्राचं पाणी घरात आणतो सातव्या महिन्यात? कुणी नाही. हे आणायचे. म्हणजे मी आणायचे. हे म्हणायचे, उलट बरं, यंत्रापाशी रांग नसते. एकोणीस वर्षांपूर्वी. मला पाचवा महिना होता. पंधरवडा पुरता झाला नव्हता दिवे सोडून, पाण्यावर अजून दिव्यांच्या त्या कागदी घरांचे जळके तुकडे होते, आणि यंत्रापाशी खरंच रांग नव्हती. मी दोन कॅन घेऊन चढले. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर काहीतरी सुटलं आतनं. मला आधी वाटलं कॅनचं झाकण गेलं, पाय ओले झाले म्हणून. तुम्ही इथं होतात, भावोजी. आठवतंय का तुम्हाला? मी हाक मारली. हे खाली आले, तुम्ही यांच्या मागं, हातात बियांची पुडी. आणि यांनी काय केलं, ते तुम्ही बघितलंत. आडवा पडलेला कॅन आधी उभा केला. झाकण लावलं. मग मला विचारलं, किती सांडलं?

तुम्ही पुडी खिशात ठेवलीत. तेवढं मला आठवतंय. पुडी दुमडून, नीट, खिशात.

मुलगी होती. दवाखान्यात सासूबाई आल्या आणि म्हणाल्या, सातव्या महिन्यात पोटुशीनं समुद्रावर जायचं असतं का, बोलावूनच आणलंस तू त्या बुडालेल्यांना घरात. मी यांच्याकडे बघितलं. म्हटलं आता बोलतील, की मीच पाठवली होती. हे खिडकीतनं बाहेर बघत म्हणाले, हो ना, मी सांगत होतो हिला. असं म्हणाले. मी सांगत होतो हिला. आणि पुढचं तर तुम्हाला माहीतच नाही. मूल गेलं तरी महिना पाळायचा असतो ना बाईनं, थंड पाण्यात हात घालायचा नाही, तिळाच्या तेलातली कोंबडी खायची, आल्याची, रोज. माझ्या आईनं त्यासाठी लाल पाकिटात पैसे दिले होते यांच्या हातात. मी बाराव्या दिवशी विचारलं, कोंबडी कधी आणणार. हे म्हणाले, ये दाखवतो. आणि टाकीपाशी नेलं. आणि हा होता. हा पिवळा. अंगठ्याएवढा होता तेव्हा. म्हणाले, घरात जरा उदास वाटत होतं, म्हटलं काहीतरी उजळ आणावं.

तर हा तो आहे. म्हणून शेवटी ठेवलाय. बाकीचे अकरा माझे कुणी नव्हते, त्यांच्याशी माझं वैर नव्हतं, खरं सांगते, त्या पट्टेवाल्या नराचं मला थोडं वाईटही वाटलं. पण याचं नाही. याला मी कसा सांभाळते माहितीय? पुस्तिकेत नाही ते. याला मी यंत्राचं पाणी आणते. आश्चर्य वाटलं ना? महिन्यातून एकदा, अर्धा कॅन, चांगलं, ऊन करून, मोजून. तेवढंच. तेवढ्यानं मरत नाही आणि धड जगतही नाही. बाजूला पांढरे चट्टे पडलेत बघा, डोक्यापाशी कातडी उतरायला लागलीय, कल्ले किती जोरात चाललेत. पाणी वाईट झालं की असा वर येऊन हवेशी तोंड लावतो. मग मी अर्धा कॅन ओतते. मग महिनाभर पुन्हा तेच. लगेच मारला असता तर काय राहिलं असतं? यांनी मान टाकली असती त्याच दिवशी, सुटले असते. सुटू कशी देईन? अकरा यांच्या डोळ्यांदेखत गेले. शब्द पोचत नाहीत ना यांना, म्हणून मी एक शब्द बोलले नाही आठ महिन्यांत याविषयी. सगळं दाखवून केलं. चाकांच्या खुर्चीत काचेशेजारी बसवून ठेवलंय यांना, हाताच्या अंतरावर. जाळीनं मेलेला काढायचा, यांच्या शेजारून न्यायचा सावकाश, संडासात टाकायचा. दार उघडं ठेवून.

नाही. नाही, पिशवी काढू नका. मला वाटलंच होतं, खिशात पिशवी असणार, आणि तो बॅटरीचा बुडबुड्यांचा पंप पण? अगदी तयारीनं आलात. न्यायला आलात त्याला. वहिनी, मी सांभाळतो, तुमच्यावरचा भार कमी होईल — असंच म्हणणार होतात ना? एकोणीस वर्षांत भार दिसला नाही, आज चार मजले चढल्यावर दिसला. हा कुठं जाणार नाही. तुम्ही आणलेलं पाणीही ओतायचं नाही. मंडळात सांगायचं असेल तर सांगा. पोलिसात सांगा. काय सांगाल, बाईनं पाणी चुकीचं बदललं?

दुष्ट आहे मी. असेन. पण एक गोष्ट सांगते तुम्हाला, कुणाला सांगितली नाही आजवर. लग्नाला चोवीस वर्षं झाली, आणि या आठ महिन्यांत हा माणूस पहिल्यांदा माझ्याकडे बघतो. खोटं नाही. आत्ताही बघा, कुठं बघतोय? टाकी इथं शेजारी, उजव्या हाताला, एवढा दिवा लावलेला, आणि हा मान वळवत नाही तिकडे. स्वयंपाकघराच्या दाराकडे बघतो, मी येईपर्यंत. मी आले की माझ्याकडे. मी भाजी निवडते, बघतो. मी केस विंचरते, बघतो. मी मेलेला मासा घेऊन शेजारून जाते, तरी माशाकडे नाही, माझ्या तोंडाकडे. डोळ्यांतनं पाणी येतं त्याच्या, डाव्या डोळ्यातनं जास्त. बघवत नाही ना त्याला तिकडे. म्हणून माझ्याकडे बघतो, माफी मागितल्यासारखा. मी कधी कधी मुद्दाम समोर बसते. काम नसलं तरी बसते. परवा मी — हसू नका — परवा मी ओठांना रंग लावला होता.

कशाला उठलात? त्याच्याजवळ कशाला जाताय? हात कशाला हलवताय त्याच्यासमोर, तो काय तान्हा आहे? ... काय म्हणता? तुमच्या आईला? तिचंही उजवं अंग गेलं होतं. हो, मग? ताटातलं अर्धंच खायची... उजवीकडचं तसंच ठेवायची... म्हणजे तिला भूक नसेल. याचंही तसंच आहे, कांजी पिऊन टाकतो आणि ताटलीत उजवीकडचा मुळा, अंडं, सगळं तसंच. मला वाटतं माझ्या हातचं नको असतं त्याला. काय करताय तुम्ही? बोट? डावीकडे बोट नेलं, डोळे गेले बोटामागं. हं. बघतोय. आता — आता उजवीकडे. पुन्हा करा. हळू करा. पुन्हा.

दवाखान्यातल्या त्या पोरीनं कागद दिला होता खरा. डोळ्यांची चित्रं होती, अर्धा गोल काळा केलेला. मी कुठं वाचलाय. मी त्यावर मासे साफ केले.

दिसत नाही त्याला. त्या बाजूचं दिसतच नाही. म्हणजे टाकी — म्हणजे पहिल्या दिवसापासून? ते निळे गेले तेव्हाही? ती जोडी? आठ महिने मी पावसात त्या उतारावर ओणवी होऊन घाणेरडं पाणी भरून आणलं, चार मजले, आणि याला त्यातलं काही — गप्प बसा, भावोजी. मला विचार करू द्या. मग रडत का होता? आणि माझ्याकडे — मी दिसत होते म्हणून बघत होता. दुसरं काही दिसत नव्हतं, म्हणून. दार दिसत होतं आणि मी.

धरा. खुर्ची धरा त्या बाजूनं. चाकांची खीळ काढा, पायापाशी आहे. नाही, न्यायचं नाही कुठं, फिरवायची फक्त, तोंड काचेकडे. तुम्ही नाही लावलात हात तरी मी फिरवणार आहे, मी याहून जड ओझी वाहिलीत. अजून. अजून थोडी. हं.

बघ. बघ आता. मोज किती आहेत. दिवा वाढवते, नीट बघ. ती पांढरी झालेली तुझी पोवळी. तो दगड. आणि तो तुझा पिवळा, आलाच बघ बाहेर, चट्टे बघ त्याचे. बारा होते ना रे? विचार मला कुठं गेले. मी सांगते, चांगलं सविस्तर सांगते, मला रोजचं पाठ आहे. विचार ना.

याचं तोंड असं काय होतंय, भावोजी? झटका आला का पुन्हा? एका बाजूनं ओठ वर — नाही, हे रडणं नाही. रडणं मी ओळखते त्याचं. हसतोय. हसतोय हा. त्या चट्टेवाल्याकडे बघून हसतोय. अकरा गेले ते दिसत नाहीत का याला? ए. हसू नको. इकडे बघ. इकडे, माझ्याकडे बघ. ... काय म्हणता? मी उजवीकडे उभी आहे. बरं. आले दुसऱ्या बाजूला. आता दिसते ना मी? दिसते ना रे? मग बघ की. थांब, समोरच येते, काचेला पाठ लावून उभी राहते, मग कुठं बघशील —

मान वाकडी करतोय. आठ महिन्यांत वळली नाही ती मान, आणि माझ्या कमरेआडून — हात कशाला उचललास? हा डावा हात कशाला असा हलवतोय हा? काय म्हणतोय हा, भावोजी?

बाजूला हो म्हणतोय.

तुम्ही जा आता. जाताना दार ओढून घ्या.